उत्तर गोलार्ध पाण्याबाहेर

बाई माणसाला नावानं ओळखत नसत, नकाशातल्या चुकीनं ओळखत. गल्लीतली लाईट गेली की खांबावर चढायला येणारा वायरमन म्हणजे 'अरबी समुद्र', कारण सातवीत त्यानं अरबी समुद्र नागपूरच्या अंगाला रंगवला होता. आमचा माजी नगरसेवक म्हणजे 'उलटी पंचगंगा'. त्यानं पंचगंगा नृसिंहवाडीहून कोल्हापूरकडं वाहवली होती. इस्त्रीचे पांढरे कपडे घालून, पंधरावीस माणसं मागं घेऊन तो प्रचाराला गल्लीत शिरला की बाई गॅलरीतनं ओरडायच्या, "काय रे, पाणी आता उताराला लागलं, का अजून चढावरच हाय?"

तो हात जोडून म्हणायचा, "उताराला, बाई, उताराला." मागची माणसं त्याला घोषणा समजून टाळ्या वाजवायची.

आयुष्यभर त्यांनी पेठेतल्या एका शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं शाल-श्रीफळ दिलं, पण शिकवणं काढून घ्यायचं मात्र राहून गेलं. घंटागाडीवाल्याला त्या ओला आणि सुका कचरा 'हवामानाप्रमाणे' वेगळा करायला लावत. रक्तदान शिबिरात कॉटशेजारी उभं राहून रक्त देणाऱ्याला राजधान्या विचारत. त्यांचं म्हणणं, डोकं राजधानीत गुंतलं की सुई कळत नाही. मंगोलियाची राजधानी आठवेस्तोवर पिशवी भरलेली असायची. उठताना माणूस म्हणायचा, "बाई, उत्तर तेवढं सांगा." बाई म्हणत, "पुढच्या शिबिरात ये, सांगतो."

आमच्याकडं बायकासुद्धा 'सांगतो', 'जातो' असंच बोलतात. बाई वर्गात शुद्ध बोलत आणि वर्गाबाहेर आमच्यासारखं.

गल्लीच्या तोंडाला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान कसलं, पुढची खोली. बाई पहिल्यांदा आल्या त्या माप द्यायला, आणि म्हणाल्या, "खिसा पाहिजे."

"ब्लाऊजला?"

"मग शिट्टी कुठं ठेवू? कानात?"

मी खिसा लावून दिला. पुढं गल्लीतल्या निम्म्या बायकांनी मोबाईलसाठी तसाच खिसा मागितला. माझा धंदा त्या खिशानं चालला असं म्हटलं तरी चालेल.

आमची गल्ली नदीच्या बाजूची, सखल. एका पावसाळ्यात महापूर आला, पाणी बघता बघता तळमजल्यात शिरलं आणि आम्ही सगळे वरच्या मजल्यांवर अडकलो. बोट आली, पण बायका काही बोटीत पाय ठेवीनात. त्यांतही माझ्या सासूबाई. त्यांना सगळी गल्ली आत्ती म्हणते. सत्तरीच्या आत्तींनी खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला होता. "मी हितंच मरतो, पर त्या डोलणाऱ्यात पाय ठेवत न्हाई!" बोटीवरची पोरं हात जोडत होती, मी रडत होते, माझा नवरा गजावरचं एकेक बोट सोडवत होता. शेवटी पोरांनी आत्तींना चादरीत गुंडाळलं आणि पोतं उतरवावं तसं बोटीत उतरवलं. त्या पोत्यातनं शिव्या येत होत्या.

बाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांची रांग लावली, सगळ्यांना पुढं घातलं आणि शेवटी आपण उतरल्या. त्यांचे यजमान, आमचे काका, त्यांचा दंड धरून होते. बोट सुटली तशी बाईंनी डोळे मिटले आणि कृष्णेच्या उपनद्या म्हणायला सुरुवात केली. कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा... संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला वाटलं, काय ही विद्या, पुरातसुद्धा उजळणी!

मंगल कार्यालयात आमची सोय झाली होती. पहिल्याच जेवणाच्या पंगतीत बाई उभ्या राहिल्या. "मुलींनो," त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी आत्तीसुद्धा मुलगीच. "घर पाण्यात गेलं तर धुऊन घेता येतं. पण आज आत्तीला पोत्यासारखं उचललं. पुढच्या पुरात ह्या गल्लीतली एकही बाई उचलावी लागणार न्हाई. समद्यांनी पोहायला शिकायचं. मी शिकवणार."

सगळ्यांनी माना ताटात घातल्या. मग आत्तींनी विचारलं, "आमटी हाय का अजून?"

पण बाईंनी एकदा फळ्यावर लिहिलं की ते पुसायला शाळेचा शिपाईसुद्धा धजत नसे. पाणी ओसरलं, भिंतींचा चिखल धुऊन झाला आणि एका रविवारी सकाळी आम्ही डझनभर बायका टेम्पोत बसून गावाबाहेर अण्णांच्या विहिरीवर गेलो. अण्णा मूळचे सीमेकडचे, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारे. त्यांची दोन्ही पोरं बाईंच्या हाताखालून गेलेली. मोठी दगडी विहीर, एका अंगाला पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंनी सरळ भिंत. आणि चारी बाजूंनी डोक्याच्यावर ऊस. आत काय चाललंय ते कावळ्यालाच दिसावं.

पोहायचे कपडे शिवायचं काम माझं. गुडघ्याखाली जाणारा चोळणा आणि पूर्ण बाहीचा ढगळ कुर्ता, गडद निळा, म्हणजे भिजला तरी लाज राहील. पण पहिल्याच दिवशी बायका पाण्यात उतरल्या आणि कुर्त्यांत हवा शिरली. विहिरीत एकदम निळे फुगेच फुगे! प्रत्येक फुग्याला वर एक मुंडकं आणि प्रत्येक मुंडकं किंचाळतंय. मी पायरीवर बसून कपाळाला हात लावला. बाई खूश. "उत्तम! बुडायची भीतीच मिटली!" पुढच्या रविवारपर्यंत मी सगळ्या कुर्त्यांना बगलेपासून चिरा दिल्या.

शिकवायची त्यांची पद्धत त्यांचीच. आमच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक पाणी उपसायच्या मोटारीच्या पाईपला. पाठीला तेलाचा रिकामा डबा. आणि बाई कोरड्या पायरीवर, कडक इस्त्रीच्या साडीत, हातात नकाशा दाखवायची छडी. "उत्तर गोलार्ध पाण्याबाहेर! दक्षिण गोलार्ध आत, पण हलता ठेवायचा! आत्ती, विषुववृत्त वाकतंय तुमचं!"

"कंबर म्हणा की सरळ!" आत्ती ओरडायच्या, नाकातोंडात पाणी.

"कोपर वर! बुडणाऱ्याकडं कुठनं जायचं?"

"मागनं!" आम्ही सगळ्या.

"का?"

"पुढनं गेलं तर तो मिठी मारतोय!"

"कुणाला मिठी मारायची ती घरी जाऊन मारा. हितं हनुवटी धरायची."

काका एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. तेसुद्धा बायकोला 'बाई'च म्हणत. ते मोटारीच्या खोलीपाशी आमच्याकडं पाठ करून पेपर वाचत बसत. कुणी पुरुष फिरकलाच तर मोठ्यानं खोकायचं, एवढंच त्यांचं काम, अशी आमची समजूत. आणि बाईंना कुणी विचारलं, "तुम्ही कवा उतरणार पाण्यात?" तर त्या म्हणत, "शिक्षक वर्गात बाकावर बसतो का?" आम्हाला ते पटायचं.

हिवाळा आला आणि भोवतालची शेतं एकेक करून मोकळी व्हायला लागली. अण्णांचा ऊस तेवढा उभा. त्याला तुरे आले, वजन घटायला लागलं, तरी तोडणारी टोळी काही येईना. अण्णा हवालदिल. शेवटी त्यांनी कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या पोराला, गाठलं आणि त्याची कॉलर धरली. पोरगं रडकुंडीला येऊन म्हणालं, "बाईंनी सांगितलंय, मुलींचं पोहणं होईस्तोवर ऊस हलवायचा न्हाई!" हा पोरगा म्हणजे 'दुष्काळी कोकण'. त्याला टोळीवाल्यांची भीती नव्हती, कारखान्याची नव्हती. बाईंची होती.

त्या रविवारी अण्णा तडक विहिरीवर आले. काका खोकले. पुन्हा खोकले. मग सलग खोकत राहिले. "औषध घ्या ओ, मालक!" असं म्हणून अण्णा पुढं आले, आणि खाली आम्ही दिसतोय म्हटल्यावर गर्रकन वळून उसाकडं तोंड करून उभे राहिले. तिथनंच, उसाला उद्देशून, त्यांनी भांडण काढलं.

"अक्का! हे बरं न्हाई बघा! विहीर दिली, पाणी दिलं, आता माझा ऊस वाळवून पडदा करतासा व्हय? वर्षाचं पीक हाय ते माझं, पडदा न्हवं!"

बाईंचा चेहरा उतरला. उसाचं वजन घटतं हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. त्या पायऱ्या चढून वर गेल्या. "चूक झाली अण्णा. माझी. चुकीला शिक्षा पाहिजे." आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी वाकून स्वतःच्या पायाचे अंगठे धरले.

अण्णा उसाकडं बघत बडबडत होते, त्यांना काही दिसलं नाही. बोलून दमले, तरी मागनं उत्तर नाही. वळून बघतात तर बाई घडी घातल्यासारख्या.

"अय्यो! उठा की अक्का!"

"उठतो की," खालनं बाईंचा आवाज आला. "उठायलाच येत न्हाई."

कंबर धरली होती. अण्णा आणि काका दोघांनी मिळून त्यांना हळूहळू उलगडलं. खाली पाण्यात आम्ही हसून हसून बुडायला आलो होतो, डबे बांधलेले म्हणून वाचलो. अण्णांचा राग कुठल्या कुठं गेला. दुसऱ्या दिवशी टोळी आली आणि ऊस तुटला.

आता विहीर उघडी पडली. पुढच्या रविवारी आम्ही भोवतीनं बांबू रोवले आणि आमच्या नेसत्या साड्या काढून त्या बांबूंना बांधल्या. हिरवी, जांभळी, पिवळी, काठापदराची भिंत. बाई लांबून बघून म्हणाल्या, "महाराष्ट्राचा राजकीय नकाशा दिसतोय." आम्ही निळ्या कुर्त्यांत पाण्यात उतरलो. आणि वारा सुटला.

आधी एक बांबू कलला, मग दुसरा. मग सगळा राजकीय नकाशा उडाला! साड्या मोकळ्या रानातनं पतंगासारख्या निघाल्या. पलीकडच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग चालली होती, कर्ण्यावर गाणी लावून. आमच्यापुढं दोनच वाटा. विहिरीत बसून राहायचं आणि साड्या गेल्या म्हणायचं, नाहीतर बाहेर पडायचं. आत्तींनी विचार केला नाही. ओल्या कपड्यांनिशी, पाठीला तेलाचा डबा, त्या पायऱ्या चढल्या आणि धावत सुटल्या. "माझं धर्मावरम! धरा गं!" त्यांच्यामागं आम्ही सगळ्या, डबे खडखडत. ट्रॅक्टर थांबले. गाणं बंद झालं. एका ड्रायव्हरनं आपल्या रेडिएटरवर येऊन अडकलेली साडी अदबीनं घडी घालून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "पावणं, कसली पार्टी म्हणायची ही?"

त्यानंतर आम्हाला आडोसा लागला नाही. जे दिसायचं ते अख्ख्या रस्त्याला दिसून झालं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आत्तींनी डबा सोडला. विहिरीच्या ह्या काठापासनं त्या भिंतीपर्यंत आणि परत, कुठंही न टेकता. सत्तरीची बाई, चादरीत गुंडाळून नेलेली! आम्ही पायऱ्यांवर नाचायला लागलो. कुणीतरी बाईंना मिठी मारली, कुणीतरी उचललं, शेवाळावरनं एकीचा पाय सटकला, आणि बाई छडीसकट पाण्यात.

आम्ही हसत होतो. बाई वर आल्या, हात झाडले आणि पुन्हा खाली गेल्या. तरी आम्ही हसतच होतो. दुसऱ्यांदा वर आल्या तेव्हा मला त्यांचे डोळे दिसले, आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. पोहता येणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात.

आत्ती पाण्यातच होत्या. वळसा घालून बाईंच्या मागं गेल्या, हनुवटीखाली हात घातला आणि त्यांना उताणं केलं. मी उडी टाकून पाय धरले. काका पेपर टाकून धावत आले होते, अंगातला सदरासुद्धा काढला होता, पण तोवर आम्ही बाईंना पायरीला लावलं होतं. बाई खोकल्या, विहिरीतलं बरंच पाणी विहिरीला परत केलं आणि त्यांचा पहिला शब्द फुटला.

"कोपर... कोपर वर पाहिजे हुतं."

काकांनी त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि पायरीवर बसले. मग सगळं बाहेर आलं. "हिला लहानपणापासनं पाण्याची भीती. बादलीत पाय घालायचा म्हटलं तरी घाम फुटतोय. मला पोहायला येतंय, म्हणून पूर ओसरल्यावर मला ह्या विहिरीत घातलं आणि वर उभी राहून विचारायची, आता डावा पाय काय करतोय? श्वास कवा घेतलासा? मी म्हटलं, मला काय ठावं, पायाला विचार! महिनाभर मला बेडकागत पोहवलं हिनं. तेच तुम्हाला शिकवलं." आणि ते दर रविवारी पाठ करून बसायचे ते खोकायला नव्हे. कुणी बुडालंच तर उडी मारायला.

बाई मान खाली घालून ओल्या साडीचा पिळा करत होत्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. टेम्पो उभा, आम्ही उभ्या, गॅलरीचं दार बंद. आम्ही सगळ्या त्यांच्या घरी गेलो. बाई आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. शुद्ध भाषेत म्हणाल्या, "मी तुमची फसवणूक केली. जे स्वतःला येत नाही ते शिकवलं. तुमच्यापैकी कुणाचा जीव गेला असता तर? वर्ग बंद."

शुद्ध भाषा ऐकून आम्हाला भीतीच वाटली. आत्ती पदर खोचून पुढं झाल्या.

"बाई, तुम्ही आफ्रिका शिकवलीसा न्हवं पोरांना?"

"शिकवली."

"किती वर्सं?"

"सगळी."

"गेलतासा का कवा आफ्रिकेला?"

बाईंनी वर बघितलं. "न्हाई."

"मग? पोरं पास झालीच की!" आत्तींनी कोपऱ्यातला तेलाचा डबा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. "उठा. बांधा पाठीला."

बाईंसारखी वाईट विद्यार्थिनी मी जन्मात बघितली नाही. प्रत्येक गोष्टीला 'कारणे द्या'. पाणी छातीपर्यंत आलं की उपनद्या सुरू. डबा असूनसुद्धा बुडायचा मान त्यांनी मिळवला. छडी आता आत्तींच्या हातात होती आणि आत्ती ती सोडायला तयार नव्हत्या. "दक्षिण गोलार्ध! अगं बया, दक्षिण गोलार्ध कुठं गेला?" बाई पाण्यातनं वाद घालायच्या की आत्तींनी दिशा चुकीची सांगितली, तो पूर्व गोलार्ध आहे.

काही वर्षांनी नदीनं पुन्हा गल्लीत पाय ठेवला. पोहायची वेळ कुणावरच आली नाही, येऊही नये. बोट आली तशा आत्ती जिन्यावरनं ताठ उतरल्या, बोटीत बसल्या आणि त्या पोरालाच विचारलं, "तुला पोहायला येतंय न्हवं रं?" बाई त्यांच्या शेजारी बसल्या. डोळे सताड उघडे. वाटेत 'उलटी पंचगंगा' दुसऱ्या बोटीतनं जेवणाची पाकिटं वाटत येताना दिसला, तर बाईंनी त्याला भर पुरात थांबवलं आणि पाण्याकडं हात करून विचारलं, "सांग आता, कुठनं कुठं चाललंय?"

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. घरात, झोपेत, कोरड्या जागी. गर्दी एवढी झाली की वाहतुकीला हवालदार लागला. तो हवालदार कुणी का असेना, त्याचाही नकाशा चुकलेला असणारच. पण मला त्या खाटेवरच्या बाई डोळ्यांसमोर येत नाहीत. मला दिसतो तो दोन्ही पुरांच्या मधला एक रविवार.

त्या दिवशी बाईंनी डबा सोडला, दोर सोडला. काका पाठ करून नाही, काठावर उघडपणे, हात मागं बांधून उभे होते. अण्णाही येऊन थांबले होते. बाईंनी एकदा आमच्याकडं बघितलं, नाक धरलं आणि निघाल्या. पोहणं म्हणजे कसलं, पाण्याशी मारामारीच ती. डोकं वर, कोपरं खाली, पाय भलतीकडंच. सगळे नियम मोडत, फुसफुसत, एकही उपनदी न म्हणता त्या मधोमध पोचल्या, मधोमधच्या पुढं गेल्या आणि समोरच्या भिंतीच्या दगडाला जाऊन चिकटल्या. आमच्या ओरडण्यानं विहिरीतले पारवे भर्रकन उडाले.

बाईंनी मान वळवून बघितलं. तिकडं सरळ भिंत. पायऱ्या सगळ्या आमच्या बाजूला.

"आता?" त्या ओरडल्या.

"आता काय! या परत!" काका म्हणाले.

"परत यायचं शिकवलंच न्हाई की मला!"

आणि त्यांना हसू फुटलं. दगड धरून, पाणी थुंकत, भिंतीला डोकं टेकून बाई हसायला लागल्या. त्यांचं बघून आम्ही. अण्णा काठावर खाली बसून मांडीवर थापा मारायला लागले. काकांनी चष्मा काढला. आत्तींनी छडी उगारली आणि उभ्या जन्मात बाईंना कुणी म्हटलं नसेल तसं, एकेरीत, खणखणीत ओरडल्या, "अगं ये! गेलीस तशीच ये!"

बाईंनी दगड सोडला आणि हसत हसतच निघाल्या.